आप्पांच्या गोळ्या एकत्र कोण बघणार?

प्रश्न: डॉक्टरताई, आम्ही चोपडा तालुक्यातले. सासरे ६२ वर्षांचे, शुगर १४ वर्षांपासून, बीपी पण आहे. आता किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन २.८ आलंय, ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते तो आकडा, २५. गावातले डॉक्टर वेगळे, शुगरवाले चोपड्याला, किडनीवाले जळगावला, आणि कोणाला कोणाचं माहीत नाही. गुडघे दुखले की आप्पा मेडिकलवरून गोळी आणतात. बोललं तर म्हणतात, "माले काहीच व्हयेल नही." काय करू?

उत्तर: ताई, आधी ती गुडघ्याची गोळी बंद, आजच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यात बीपीची नाहीतर लघवीची गोळी चालू असेल तर अजूनच घात. मेडिकलवाल्या भाऊंना स्वतः जाऊन सांगा की आप्पांना किडनीचा त्रास आहे, त्यांना कोणी सांगतच नाही हो.

मग घरातल्या सगळ्या गोळ्या, अर्धवट पाकिटं, भस्मं-काढे सुद्धा, खाटेवर काढून ठेवा. माझ्याकडे एक मावशी अशीच पिशवी घेऊन आल्या होत्या, त्यात टेल्मिसार्टन ही बीपीची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी, एक गावातल्या डॉक्टरांची एक शहरातल्या, आणि मावशी तीन महिने दोन्ही इमानदारीने घेत होत्या, चक्कर येऊन पडायच्या आणि घरचे समजायचे अशक्तपणा आहे. दोन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर कधी आल्याच नव्हत्या.

म्हणून एक वही करा. कोणती गोळी, कोणी दिली, कधीपासून, आणि तारीख टाकून क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, लघवीतलं प्रोटीन, बीपी. तिघांसमोर दर वेळी उघडायची आणि गोळी बदलली की त्यांच्याच हाताने लिहून घ्यायची, लाजायचं नाही. किडनीवाल्यांना स्पष्ट विचारा की नवीन गोळी सुरू करण्याआधी तुम्हाला फोन करू का.

शुगरच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन आहे का ते याच आठवड्यात दाखवा, ईजीएफआर ३० च्या खाली गेला की ती थांबवतात, पण त्याऐवजी काय ते डॉक्टरच ठरवतील. बीपीची गोळी मनाने सोडू नका. फक्त उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी फोन करून विचारा.

पापड, शेव, लोणचं आत्ताच कमी करा. पण 'लो सोडियम' मीठ आणू नका, त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम असतं आणि कमजोर किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही. केळीच्या पट्ट्यात राहता म्हणून सांगते, पोटॅशियमचा रिपोर्ट बघितल्याशिवाय रोज केळ देऊ नका.

आणि आप्पा उजव्या हाताने कामं करतात ना, मग डाव्या हातात सलाइन, सुई काही लावू देऊ नका. उद्या डायलिसिस लागलंच तर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया लावायला शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, बहुतेक त्याच हातात करतात, तो तयार व्हायला दीड-दोन महिने तरी जातात आणि तोपर्यंत शिरा शाबूत पाहिजेत. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, कागदपत्रं आत्ताच बघून ठेवा.

आप्पांना रागावू नका. बीपीचा आकडा रोज वहीत त्यांनाच लिहायला द्या.