वळायची वेळ वरच ठरव

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तुझा निरोप काल रात्री दोनदा वाचला. जूनमध्ये आई-बाबांना अमेरिकेतली ग्रँड कॅन्यनची दरी दाखवायला आणतोयस, तीन दिवस आहेस, आणि त्यातल्या एका सकाळी साउथ कायबॅबच्या वाटेने तळातल्या कोलोरॅडो नदीपर्यंत पळत उतरून ब्राइट एंजलच्या दुसऱ्या वाटेने वर यायचं तुझ्या मनात आहे. मित्र म्हणतात सहज जमेल, पार्कवाले म्हणतात करू नका, आणि तू विचारतोस, "मावशी, ऐकू कोणाचं?" इथवर ठीक होतं. पण खाली एक ओळ टाकलीस: "अर्ध्यातून परतच फिरायचं असेल तर एवढ्या लांब येऊन पळायचं कशाला?" हे पत्र त्या ओळीसाठी आहे.

जिद्द, मेहनत वगैरे तुला मी सांगणार नाही. ती तुझ्यात आहे, थोडी जास्तच आहे.

तुझी खरी अडचण यवतेश्वरच्या घाटात आहे. तू सातारचा. तिथे आधी चढ, मग उतार. अजिंक्यतारा घे, कळसूबाई घे, आपल्याकडे डोंगर असाच असतो. दमलास की वळायचं, आणि वळलास की उतार लागतो. पायांना लहानपणापासून हीच सवय. कॅन्यनमध्ये हे सगळं उलटं. दमल्याचं कळतं तेव्हा चढ अजून सुरूसुद्धा झालेला नसतो. कळसूबाईचं शिखर साधारण 5,400 फुटांवर. साउथ कायबॅबची वाट सुरूच होते 7,260 फुटांवर, म्हणजे विरळ हवेत. तिथून नदी सात मैलांत जवळजवळ 4,800 फूट खाली. उतरताना छाती भरत नाही, पाय आपोआप पडतात, समोर लाल-पिवळे कडे उजळत असतात आणि आपण फार छान पळतोय असं वाटायला लागतं. त्या वाटण्यावर विसंबू नकोस. वळायची वेळ वर असतानाच ठरव. घड्याळात गजर लाव आणि वाजला की वळ.

पहिल्या खेपेला माझ्या मते पंचेचाळीस मिनिटं. उजाडता उजाडता निघ. कायबॅबच्या टोकाशी खासगी गाडी नेता येत नाही, पार्कची पहाटेची बस धर. ऊ-आ पॉइंट, मग दीड मैलावर सीडर रिज, तीन मैलांवर स्केलेटन पॉइंट. पंचेचाळीस मिनिटांत त्याच्या आसपास पोचशील. तिथून खाली नदी दिसते. दिसणारच, आणि अगदी हाताशी असल्यासारखी दिसेल. तरी वळ.

पार्कवाले चालणाऱ्यांना सांगतात की उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. पळणाऱ्याला दुप्पट पुरत नाही, कारण तो उतरतो भलताच वेगात आणि चढतो सगळ्यांसारखाच. शिवाय माती धरून ठेवायला वाटेवर आडवे ओंडके टाकलेत, त्या पायऱ्यांवरून धडाधड उतरताना मांड्या भरून येतात. ते कळतं वळल्यावर. साउथ कायबॅबवर पाण्याचा थेंब नाही, सावली नावाला. ब्राइट एंजलवर हवासुपाई गार्डन्सच्या थांब्यावर पाणी मिळतं, पण ते आणणारी 1960 च्या दशकातली पाइपलाइन वारंवार फुटते, त्यामुळे त्या सकाळी नळ चालू आहेत का हे विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहायचं नाही. जूनमध्ये वर सरासरी 27 अंश असतात तेव्हा खाली नदीपाशी 38. कोरड्या हवेत घाम जागीच उडून जातो, अंग कोरडं राहतं, आणि कोकणात पळल्यासारखी आपली हालत कळत नाही. नुसतं पाणीच पीत राहिलास तर रक्तातलं सोडियम घसरतं, त्यानेही माणसं कोसळतात. आईने आणलेला चिवडा खिशात टाक. खारे शेंगदाणे त्याहून बरे.

माणसं-सामान नेणारी खेचरं आली तर डोंगराच्या बाजूला सरकून गप्प उभा राहा, दरीच्या कडेला नाही. एवढं बास, बाकी तिथे गेल्यावर कळेल.

तू विक्रमाचा दाखला दिलास. हो, जिम वॉल्म्सली या अमेरिकन धावपटूने दरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर आणि परत, असे बेचाळीसेक मैल 5 तास 55 मिनिटांत काढले. तो ऑक्टोबर होता, 2016 चा. दाखला द्यायचाच तर दुसराही घे. 2004 च्या जुलैत 24 वर्षांची एक मुलगी या दरीत पाण्यावाचून गेली. त्याच वर्षी तापलेल्या एप्रिलात ती बॉस्टन मॅरेथॉन तीन तास पाच मिनिटांच्या आत धावली होती. तू बॉस्टनच्या पात्रतेची वेळ अजून शोधतोयस, म्हणून सांगते. तिच्यात दम कमी नव्हता. दम किती आहे हा तिथला प्रश्नच नसतो. मे ते सप्टेंबरात एका दिवसात नदी गाठून परत यायचा प्रयत्न करू नका असं पार्कवाले सांगतात, सकाळी दहा ते दुपारी चार चढू नका म्हणतात, त्यामागे अशीच धडधाकट माणसं आहेत. 1997 पासून पार्कने त्यासाठी वेगळी माणसं नेमलीत. ती वाटेवर उभी राहून लोकांना विचारतात, पाणी किती आहे, कुठपर्यंत जाताय. त्यांनी तुला अडवलं तर मराठी बाणा दाखवू नकोस. नीट उत्तर दे.

आता तुझ्या त्या ओळीकडे येते. परत फिरायचं तर यायचं कशाला? मला हा प्रश्न लोकांनी तोंडावर विचारलाय. मी या वाळवंटात इतकी वर्षं राहते, कायबॅबवर पळत आले, आणि पळत नदी कधी गाठली नाही. गजर वाजला की वळायचे. आमच्या मंडळातले काही जण नदीत पाय बुडवल्याचे फोटो दाखवायचे आणि म्हणायचे, ताई, एकदा तरी! मी हसून चहा ओतायचे. नंतर गुडघे गेले आणि तो विषयच संपला. वाईट वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू. खालच्या त्या काळ्या खडकाला हात लावायचा होता, पावणेदोन अब्ज वर्षांचा आहे तो. खेचरावर बसून जाता येतं असं तुझी आई म्हणाली. तिला नाही कळायचं.

पण मी चुकले असं मला कुणी म्हणू नये. नदी गाठणारे शहाणे आणि वळणारी भित्री, हा हिशेब मला मान्य नव्हता, अजूनही नाही. ते सगळे सुखरूप वर आले याचा अर्थ त्यांचं गणित बरोबर होतं असा होत नाही. त्यातल्या दोघांना दुपारी तीन वाजता हवासुपाई गार्डन्सच्या झाडाखाली ओकताना मी पाहिलंय. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

आणि तू एकटा नाहीस, हे विसरू नकोस. वर दोन माणसं थांबलेली असतील. खाली फोनला रेंज नसते. तू दहाला येतो म्हणालास आणि बारा वाजले, तर बाबा कठड्यापाशी उभे राहून काय काय मनात आणतील याचा विचार कर. तुझ्या बाबांना मी कॉलेजपासून ओळखते, ते पार्कवाल्यांना हाक मारायच्या आधी स्वतःच चपला घालून वाटेला लागतील. म्हणून ठरवलेली वेळ फक्त घड्याळात ठेवू नकोस. कागदावर लिही: निघालो किती वाजता, वळणार किती वाजता, वर येणार किती वाजता, आणि कुठल्या वाटेने. तो कागद आईच्या पर्समध्ये. एकदा लिहिलेलं खाली गेल्यावर बदलायचं नाही, कितीही ताजातवाना वाटलास तरी. ताजातवाना वाटशीलच, उतारच आहे तो!

नदीच गाठायची असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी ये, आदल्या रात्री आमच्याकडे राहा, पाण्याचं आणि वेळेचं गणित दोघं बसून करू. मी वर थांबेन. जूनमध्ये मात्र पंचेचाळीस मिनिटं.

झाल्यावर कळव. किती मैल झाले ते नको, वळलास किती वाजता ते सांग.

तुझी,
मावशी