प्रोबेशनमध्ये राजीनामा: वाचकांच्या शंका

‘प्रोबेशनमध्ये (कायम होण्याआधीच्या परीक्षाकाळात) नोटीस द्यावी लागत नाही ना?’ हा प्रश्न याही महिन्यात वेर्ण्यापासून पेडण्यापर्यंत सगळीकडून आला आहे. नियुक्तीपत्राची प्रत जोडणारे मात्र फार थोडे, आणि उत्तर तर त्याच कागदात असते.

प्रश्न : वेर्ण्याला औषध कंपनीत सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर आहे. चार महिने झाले. सोबतचे म्हणतात, प्रोबेशनवाल्याने कधीही उठून जावे, नोटीस लागत नाही. खरे का?

नाही. 1946 च्या स्थायी आदेश (कारखान्यांतील सेवाशर्तींच्या) कायद्याच्या नमुना नियमांत महिन्याची नोटीस ‘कायम’ कामगारासाठी होती, आणि प्रोबेशनवरच्या माणसाला काढताना त्याला नोटिशीचा हक्क नाही असे म्हटले होते. बहुधा त्याचीच ही ऐकीव आवृत्ती. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा औद्योगिक संबंध संहितेत सामावला गेला आहे. तुम्ही आधी नियुक्तीपत्र उघडा. पुष्कळ पत्रांत दोन वेगळी कलमे असतात: प्रोबेशनमध्ये 7, 15 किंवा 30 दिवस, कायम झाल्यावर एक ते तीन महिने. सहा महिने उलटले की आपोआप कायम झालो, असेही धरून चालू नका. ‘लेखी कायम करेपर्यंत प्रोबेशन चालू राहील’ असे वाक्य असेल, तर सातव्या महिन्यातही साधारणपणे प्रोबेशनचीच नोटीस लागू होते. शब्दरचना संदिग्ध वाटली तर पत्र वकिलाला दाखवा, मगच तारीख ठरवा.

प्रश्न : म्हापशात दुकानात कामाला आहे. नियुक्तीपत्रच मिळालेले नाही.

लेखी मागा, नव्या कामगार संहितांखाली ते देणे साधारणपणे मालकाचे कर्तव्य आहे. तोवर सोडायची वेळ आलीच, तर लेखी 30 दिवस देणे सुरक्षित.

प्रश्न : नोटिशीच्या काळात चवथ (गणेशचतुर्थी) येते. ते दिवस धरतात का?

पत्रात ‘कामाचे दिवस’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर रविवार आणि सणाची सुट्टी नोटिशीत मोजली जाते. मात्र चवथीला जोडून स्वतःची चार दिवस रजा घेतलीत, तर काही कंपन्यांच्या नियमांप्रमाणे शेवटचा दिवस तितकाच पुढे जातो. रजेच्या अर्जातच ते विचारून घ्या. ‘30 दिवस’ आणि ‘एक महिना’ यांतही फरक असतो. 4 जुलैला नोटीस दिली तर 30 दिवस 3 ऑगस्टला भरतात, महिना 4 ऑगस्टला.

प्रश्न : साहेबांना व्हॉट्सॲपवर राजीनामा कळवला. एचआर म्हणते, आम्ही स्वीकारलेला नाही. दुसरीकडे सोमवारी रुजू व्हायचे आहे. उद्यापासून जाणेच बंद केले तर?

करू नका. या सदरात सर्वांत जास्त नुकसान मी याच एका चुकीने झालेले पाहतो, म्हणून सविस्तर सांगतो.

व्हॉट्सॲपचा निरोप अगदीच निरुपयोगी नसतो, पण तो कोणत्या पदाच्या माणसाला, कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेपासून, यावर वाद घालायला भरपूर जागा ठेवतो. त्यामुळे आजच ईमेल करा: एचआर आणि वरिष्ठ दोघांना, प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर. कंपनीचे ईमेल खाते शेवटच्या दिवशी बंद होते आणि पुरावा त्यातच अडकतो. मजकूर चार ओळींचा पुरे: ‘दिनांक अमुकच्या नियुक्तीपत्रातील कलम अमुकनुसार मी राजीनामा देत आहे. नोटीस आजपासून सुरू होत असून माझा कामाचा शेवटचा दिवस अमुक असेल.’ ‘कृपया राजीनामा स्वीकारावा ही विनंती’ असे लिहू नका. त्या एका वाक्याने तुम्हीच निर्णय त्यांच्या हाती देता. छापील प्रतही न्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही-शिक्का घ्या. घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट.

पत्रात फक्त नोटिशीचे कलम असेल, तर मुदत संपल्यावर सहसा नोकरी संपते. ‘स्वीकारला नाही’ म्हणून तुम्हाला बांधून ठेवता येत नाही. विशिष्ट निर्देश कायदा 1963 नुसारही न्यायालय कोणाला जबरदस्तीने नोकरी करायला लावत नाही. पण सेवानियमांत स्वीकृतीची अट असेल किंवा तुमच्यावर चौकशी चालू असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

न सांगता गेलात तर काय होते ते बघा. कंपनी नोंदीतल्या पत्त्यावर एकामागून एक पत्रे पाठवते. तुम्ही उत्तर देत नाही. मग ‘कामावरून फरार’ असा शेरा मारून सेवा संपवते. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मुक्त केल्याचे पत्र, अडते. पीएफच्या नोंदीत जुनी बाहेर पडल्याची तारीख नाही आणि नवी रुजू तारीख आहे, असे दिसते. नव्या कंपनीची पार्श्वभूमी तपासणी नेमकी तिथे थांबते. सोमवारच्या रुजू होण्यासाठी नव्या कंपनीकडून पंधरा दिवस मागा. पुष्कळ जण देतात, पण मागायलाच हवे. ते जमत नसेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे भरण्याची तयारी त्याच ईमेलमध्ये लिहा.

प्रश्न : ते पैसे कशावर मोजतात?

पत्रातल्या शब्दावर. समजा एकूण पगार 24,000, मूळ वेतन 12,000, नोटीस 30 दिवस, भरले 11. उरले 19. एकूण पगारावर 15,200 रुपये, मूळ वेतनावर 7,600. पत्रात ‘मूळ वेतन’ असताना एकूण पगार कापला जातो, हे वारंवार घडते. शिल्लक रजा वळती करता येते का तेही लेखी विचारा. या वसुलीवर जीएसटी लागत नाही. 3 ऑगस्ट 2022 च्या केंद्रीय परिपत्रकाने ते स्पष्ट झाले आहे. कोणी 18 टक्के लावले तर परिपत्रक दाखवा. नोकरी सोडल्यावरचा शेवटचा हिशेब ‘45 दिवसांनी’ हे ठराविक उत्तरही आता चालत नाही: वेतन संहितेच्या कलम 17 नुसार राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहे.

प्रश्न : कळंगुटच्या हॉटेलने 50,000 चा बाँड (मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याचा करार) लिहून घेतला आणि माझी मूळ प्रमाणपत्रे ठेवली आहेत.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार मालकाला कोणत्याही कामगार कायद्याने दिलेला नाही. लेखी मागणी करा, सात दिवसांची मुदत द्या, मग वकिलाची नोटीस. पुढच्या वेळी कोणालाही फक्त साक्षांकित प्रती द्या.

बाँड मात्र हसण्यावारी नेऊ नका. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा, तीन वर्षांचा बाँड वैध ठरवला. तरीही करार कायद्याच्या कलम 74 नुसार मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. प्रत्यक्ष प्रशिक्षण किती दिले, खर्च किती झाला, हे पाहिले जाते. आठवडाभर ट्रे धरायला शिकवून 50,000 मागणे टिकेल असे मला वाटत नाही, पण बाँड वाचल्याशिवाय शेवटचा शब्द कोणी देऊ नये.

प्रश्न : नोटीस भरली नाही तर पोलीस पकडतील?

नाही. हा दिवाणी वाद आहे.

प्रश्न : कंपनी पीएफमध्ये बाहेर पडल्याची तारीखच टाकत नाही.

शेवटचे योगदान ज्या महिन्याचे, त्यानंतर दोन महिन्यांनी सदस्य पोर्टलवर आधार ओटीपी वापरून ती स्वतः टाकता येते. तारीख राजीनाम्याच्या पत्राशी जुळवा. पैसे काढू नका, नव्या खात्यात वळवा.

प्रश्न : वकिलाची फी परवडत नाही.

महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते, मदतवाहिनी 15100. पणजीच्या पाटो भागातील श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचे कार्यालयही आहे. जाताना नियुक्तीपत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या आणि राजीनाम्याची पोच न्या.