एआय एजंटला विक्रीचा डेटा द्यायचा असेल तर टूलचं वर्णन कसं लिहावं?

तुम्ही विचारलंय की कंपनीच्या विक्रीच्या डेटावर एमसीपी सर्व्हर उभा केला (एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयला बाहेरचा डेटा जोडण्याची ठरलेली पद्धत), टूल्स, म्हणजे एजंट डेटा काढायला वापरतो ती फंक्शन्स, चालतात, तरी एजंट मध्येच भलता आकडा सांगतो; मग एपीआयचे जुने डॉक्स (प्रोग्रामरसाठी लिहिलेली माहिती) टूलच्या वर्णनात तसेच टाकले तर भागेल का?

नाही भागणार. मी पुण्यात एका वितरण कंपनीच्या डेटा टीममध्ये आहे आणि आम्ही सुरुवातीला नेमकं हेच केलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एपीआयचे डॉक्स माणूस वाचतो. शंका आली की तो उठून अकाउंट्समध्ये जातो आणि विचारतो, ही रक्कम जीएसटी धरून आहे का? एजंटला ती सोय नाही. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी खुला केला. त्यात एजंटमागच्या एआय मॉडेलसमोर मुख्यतः टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (टूलला कोणती माहिती कशा रूपात द्यायची त्याचा आराखडा) एवढंच येतं. बाकीचं ते अंदाजाने भरतं.

आमचं पहिलं वर्णन एका ओळीचं होतं: "विक्रीची माहिती देते." सेल्सच्या साहेबांनी विचारलं, पहिल्या तिमाहीत विक्री किती? उत्तर आलं जानेवारी ते मार्चचं. आमची पहिली तिमाही एप्रिल ते जून. आकडा डेटाबेसमधूनच आलेला, त्यामुळे कुणाला संशयही आला नाही आणि तो थेट मीटिंगच्या स्लाइडवर गेला. मला फार लागलं ते, कारण क्वेरी बरोबर होती. माझं एक वाक्य लिहायचं राहिलं होतं.

आज त्याच टूलचं वर्णन असं आहे:

"बिल झालेल्या मालाची निव्वळ विक्री, रुपयांत. जीएसटी धरलेला नाही. परत आलेला माल वजा केला आहे. ऑर्डर आली पण बिल झालं नाही, तर ती इथे दिसत नाही. त्यासाठी पेंडिंग_ऑर्डर्स हे टूल वापरा. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. तारखा भारतीय वेळेप्रमाणे. डेटा रोज पहाटे भरला जातो, त्यामुळे आजची विक्री यात नसते. नगांच्या संख्येत स्कीमचा फ्री माल धरलेला आहे, रकमेत नाही. रक्कम भागिले नग करून दर काढू नका."

शेवटचं वाक्य मला कधीच सुचलं नसतं. ते सांगितलं आमच्याकडे बिलिंग बघणाऱ्या ताईंनी. दहावर एक फ्री अशी स्कीम असली की बिलात अकरा नग जातात आणि पैसे दहाचेच येतात. एजंट इमानदारीत भागाकार करून सांगत होता की दर पडलाय! म्हणून माझी कळकळीची विनंती: वर्णन लिहायला डेव्हलपरला एकटं बसवू नका. रोज बिलं हाताळणाऱ्या माणसाशेजारी तासभर बसा आणि "या आकड्यात काय येत नाही?" एवढंच विचारत राहा.

गावांच्या नावांनीही आम्हाला असंच फसवलं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. जुन्या बिलांवर जुनं नाव, नव्यावर नवं. एजंटने "छत्रपती संभाजीनगर" शोधलं की मागच्या वर्षांची विक्री जवळजवळ शून्य दिसायची आणि वाढ डोळे फिरवणारी. आम्ही शहरांना कोड दिले, दोन्ही नावं एकाच कोडला बांधली आणि टूलच्या इनपुट स्कीमामध्ये मोकळ्या मजकुराऐवजी ठरलेल्या पर्यायांची यादी ठेवली. जिथे यादी देता येते तिथे ती द्याच.

ओळींची मर्यादाही लिहा. गुगल ॲनालिटिक्स ४ चा डेटा एपीआय काही सांगितलं नाही तर १०,००० ओळी देतो, पण एकूण ओळी किती आहेत ते उत्तरात वेगळं कळवतो. तुमच्या टूलनेही तसं कळवावं, नाहीतर अर्धवट यादीची बेरीज "एकूण" म्हणून पुढे जाते. एररचा मजकूरही मॉडेल वाचतं. "चुकीचं इनपुट" यातून त्याला काहीच उमगत नाही. "शेवटची तारीख सुरुवातीच्या तारखेआधीची आहे, तारखा वर्ष-महिना-दिवस अशा द्या" असं लिहिलं की बहुतेक वेळा ते पुढच्या खेपेला स्वतःच सुधारतं.

वर्णनात "फक्त वाचण्यासाठी" लिहिलं म्हणजे डेटा सुरक्षित झाला असं मात्र समजू नका. एमसीपीतली तशी खूण ही केवळ सूचना असते. डेटाबेसचा युजरच फक्त वाचण्याच्या परवानगीचा ठेवा. ग्राहकांचे मोबाइल नंबर टूलच्या उत्तरात येऊच देऊ नका.

लांबीचं म्हणाल तर, सगळ्या टूल्सची वर्णनं मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये (एका वेळी ते जेवढा मजकूर समोर ठेवू शकतं त्यात) जागा खातात, तेव्हा पानभर लिहू नका. आमच्या वर्णनात तेवढीच वाक्यं आहेत ज्यांच्यावाचून एखादं उत्तर खरोखर चुकलं होतं. ती शोधायला आम्ही लोकांनी विचारलेले तीस प्रश्न जसेच्या तसे वहीत उतरवले ("कोल्हापूरचा गेल्या महिन्याचा सेल काढ" अशा भाषेत) आणि प्रत्येकाचं उत्तर अकाउंट्सकडून हाताने काढून घेतलं. वर्णनातला शब्द बदलला तरी ते तीसही प्रश्न पुन्हा चालवतो, आणि आकड्यासोबत एजंटने कोणतं टूल उचललं, तारखा काय भरल्या, तेही बघतो. तुम्ही दहा प्रश्नांनी सुरुवात केलीत तरी पहिल्याच दिवशी दोन-तीन वाक्यं हाती लागतील.