अव्हर्जनला मराठीत काय म्हणाल? मी तर ‘नको वाटणं’ म्हणेन

तुम्ही विचारलंय की अव्हर्जन म्हणजे डिसलाइकच ना, मग वेगळा शब्द कशाला आणि वाक्यात लावायचा कसा. घराणं एकच आहे हो, पण स्वभाव वेगळा.

माझंच सांगतो. मला कारलं आवडत नाही, पण पानात पडलं तर गपगुमान खातो, हे झालं डिसलाइक. गिलकीचं मात्र तसं नाही (गिलकी म्हणजे तुमच्याकडचं घोसाळं, आम्ही इंदूरवाले मराठीतही गिलकीच म्हणतो), लहानपणी तापात रोज तीच भाजी खाल्ली आणि आता नुसता फोडणीचा वास आला तरी मी उठून गॅलरीत जातो. गिलकीवर माझा राग काहीच नाही, म्हणून हेट पण नाही म्हणता येत. हे अव्हर्जन.

शब्दातच ते आहे बघा, मूळ लॅटिन, अर्थ दुसरीकडे वळणे. त्यातला वळण्याचा धातू आणि आपल्या संस्कृतातला वृत् एकाच मुळाचे, म्हणजे परावृत्त हा शब्द अव्हर्जनचा लांबचा चुलतभाऊच लागतो! डिक्शनरीत तिटकारा मिळेल पण त्यात तुच्छता येते थोडी, आणि शिसारी म्हटलं की किळस आली. त्यापेक्षा ‘नको वाटतं’ जवळचं. आणि आमच्यासारखं चीड म्हणू नका, इंदुरात हिंदीच्या नादाने आम्ही ‘मला त्या भाजीची चीड आहे’ म्हणून मोकळे होतो आणि पुण्याचे पाहुणे विचारतात भाजीने असं केलं तरी काय.

वापरायचा असा: आय हॅव अ‍ॅन अव्हर्जन टू क्राउड्स. पुढे टू लावा, आपल्या डोक्यात ‘पासून’ असतं म्हणून हात फ्रॉमकडे जातो, तो आवरा. क्रियापद आलं तर आयएनजी लावून, अव्हर्जन टू वेकिंग अप अर्ली. विशेषण अव्हर्स, म्युच्युअल फंडवाले रिस्क अव्हर्स (जोखीम नको वाटणारा) म्हणतात ते हेच. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 च्या पेपरात मांडलेलं लॉस अव्हर्जन पण यातलंच, शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर हरवल्याचं दुःख जास्त टोचतं ते.

फक्त अव्हर्सच्या जागी अ‍ॅडव्हर्स लिहू नका, ही चूक चांगले शिकलेले पण करतात. अ‍ॅडव्हर्स म्हणजे प्रतिकूल, औषधाचा अ‍ॅडव्हर्स इफेक्ट असतो, माणूस अव्हर्स असतो.

अजून एक गंमत, नॉट अव्हर्स टू म्हटलं की अर्थ उलटा होतो, म्हणजे मनातून हवंच आहे पण उगाच भाव खायचा. सकाळी पोहे-जलेबीची एक प्लेट संपल्यावर कुणी अजून घेणार का विचारलं तर आय अ‍ॅम नॉट अव्हर्स टू इट म्हणायचं आणि प्लेट पुढे करायची, वरून शेव जास्त.