घाम, धावणे आणि कानातले इअरबड्स

प्रश्न : मी रोज पहाटे रंकाळ्याभोवती धावतो. वायरलेस इअरबड्स वारंवार सैल होतात, शिवाय सहा महिन्यांतच उजवा चार्ज होईनासा झाला. खोक्यावर तर ‘आयपीएक्स ४’ असे लिहिले होते. नवीन घेताना काय पाहावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ‘आयपीएक्स ४’ म्हणजे कोणत्याही दिशेने उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण आणि ‘आयपीएक्स ७’ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे तग धरण्याची क्षमता, परंतु या चाचण्या साध्या पाण्याने होतात, घामात मात्र मीठ असते, आणि हा फरक दुकानात सहसा कोणी समजावून सांगत नाही. उजव्या इअरबडवरील चार्जिंगचे बारीक धातूचे ठिपके उजेडात धरून पाहा. त्यांवर हिरवट थर दिसला, तर नवीन घेण्याआधी कापसाच्या काडीवर किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते हलक्या हाताने पुसून पाहावेत. धावून आल्यावर ओले इअरबड्स तसेच डबीत ठेवण्याची सवय तर आजच सोडा, कारण इअरबड्सना मिळालेले मानांकन डबीला लागू असतेच असे नाही.

सैलपणाचे कारण बहुधा रबरी टोपीचे माप असते. दोन्ही कानांना एकच माप बसते, हा समज चुकीचा आहे. उजव्या कानाला मोठी आणि डाव्याला मधली टोपी लावून पाहावी. तरीही न जमल्यास कानामागे अडकणारा आकडा असलेला प्रकार घ्यावा. रस्त्यावर धावत असाल, तर बाहेरचा आवाज ऐकू येऊ देणारी सोय असलेलाच संच घ्या, असा माझा आग्रह राहील.