'हे शिकवून पोट्टे बिघडतेत': एका वडिलांची काळजी

शाळेत वयात येण्याबद्दल, शरीराबद्दल शिकवायचं म्हटलं की पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो: नाही ते डोक्यात भरल्यावर मुलं बिघडणार नाहीत का? यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, किशोरवयीन मुलांच्या मैत्री क्लिनिकमध्ये मी समुपदेशन करते. तिथेही पालक हेच विचारतात. त्यातलाच हा एक अनुभव. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कापूस वेचणीच्या दिवसांत एक शेतकरी नववीतल्या मुलाला घेऊन आले. पोरगा नीट जेवत नव्हता, कबड्डी सुटली होती, रात्री झोपायची त्याला भीती वाटायची. त्यात मजुरांसाठी ठेवलेल्या पैशांतले बाराशे रुपये गायब झाले होते. या सगळ्याचं कारण वडिलांनी आधीच ठरवून टाकलं होतं. "मागच्या महिन्यात शाळेत ते वयात येण्याचं लेक्चर झालं न मॅडम, तवापासून पोट्टं बिघडलं. खर्र्याचं शिकवा, ते आमाले पटते. पन हे कायले शिकवतेत?" (खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण.) हे तास बंद करा, असा मुख्याध्यापकांना द्यायचा अर्ज लिहून खिशात ठेवलेला होता.

मी त्यांना बाहेर बसायची विनंती केली. आपलं बोलणं या खोलीत राहील, फक्त तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुझ्याशी वाईट वागलं असेल तर मला पुढे सांगावं लागेल, हे मुलाला आधीच सांगितलं. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा 2012 चा पोक्सो कायदा मुलग्यांनाही लागू आहे, म्हणून कोणी वाईट वागलं का, हा प्रश्न मी मुलग्यांनाही विचारतेच. तसं काही घडलं नव्हतं. बराच वेळ तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "मॅडम, माह्यं रक्त संपून रायलं."

त्याला झोपेत वीर्यपतन होत होतं. आठवडी बाजारात तंबू टाकून बसणाऱ्या एका वैद्याने त्याला सांगितलं होतं, की शंभर थेंब रक्ताचा हा एक थेंब बनतो, असंच चाललं तर लग्नाच्या कामाचा राहणार नाहीस. बाराशे रुपये पुड्यांना गेले होते. वर पथ्य दिलेलं: अंडी बंद, शेंगदाणे बंद, 'गरम' काही खायचं नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळीसुद्धा तो याच भीतीने फेकून देत होता. मोबाइलवर शोधलं, तर तिथेही अशाच पुड्यांच्या जाहिराती.

"शाळेतल्या लेक्चरमध्ये यावर काही सांगितलं नाही का?"

"आमी नव्हतोच न. पोट्ट्यायले ग्राउंडवर धाडलं होतं. फकस्त पोरी बसल्या होत्या."

वडील ज्या तासाला दोष देत होते, त्या तासाला हा मुलगा वर्गातच नव्हता. मला याचा फार त्रास होतो. मुलींना पाळीबद्दल सांगायला आता पुष्कळ शाळा तयार होतात, आणि ते चांगलंच आहे. पण मुलग्यांना काही शंकाच नसतात असं धरून त्यांना बाहेर काढलं जातं.

मी कागदावर आकृती काढली. वीर्य रक्तापासून बनत नाही. वयात आल्यावर ते शरीरात सतत तयार होतं, आणि भरलेला माठ वरून पाझरावा तसं झोपेत बाहेर पडतं. कोणाला आठवड्यातून दोनदा, कोणाला कधीच नाही, दोन्ही ठीक. अशक्तपणा खरा होता, पण त्याचं कारण ते पथ्य होतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन कमी निघालं. पुड्या बंद केल्या, औषध सुरू झालं, अंडी-शेंगदाणे परत ताटात आले.

मग मुलाला विचारून वडिलांना आत बोलावलं. अर्जाबद्दल मी काहीच बोलले नाही, बाजारातल्या तंबूबद्दल सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "आमच्या वक्ताले बी असाच एक बसे."

त्यांना मी हेही सांगितलं, की 2007 साली याच विरोधामुळे महाराष्ट्रात शाळांतलं किशोरवयीन शिक्षण थांबवलं गेलं होतं. युनेस्कोने 2018 मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा मांडला. असं शिक्षण मिळालेली मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळतात, असं त्यात कुठेही दिसलं नाही. शालेय आरोग्य कार्यक्रम 2020 मध्ये नव्याने सुरू झाला. त्यात अकरा विषय आहेत: आहार, मनाचं आरोग्य, व्यसन, इंटरनेटचा सुरक्षित वापर, हिंसेपासून संरक्षण आणि प्रजनन आरोग्यही. त्यांना पटलेला खर्रा आणि न पटलेलं 'हे', दोन्ही त्याच यादीत आहेत. मुख्याध्यापकांकडे ही यादी मागा, शंका असेल तर वर्गात येऊन बसा, असं मी प्रत्येक पालकाला सांगते.

अर्ज दिला गेला नाही. पुढच्या सत्रात विज्ञानाच्या सरांनी मुलग्यांचा तास घेतला. नाव न लिहिता प्रश्न टाकायला एक खोका ठेवला होता. त्यात वैद्याच्या पुड्यांबद्दल विचारणाऱ्या चिठ्ठ्या एकापेक्षा जास्त निघाल्या. एका मुलाने बहिणीच्या पाळीबद्दल विचारलं होतं: ती चार दिवस वेगळी का बसते, तिला काही दुखतं का?

त्या वडिलांचा मुलामुलींना एकत्र बसवायला अजून विरोध आहे, आणि गावात ते एकटे नाहीत. सध्या तास वेगळे होतात. पण पाळीचा पाठ मुलग्यांनाही पूर्ण शिकवायचा आणि मुलग्यांच्या शरीरातले बदल मुलींनाही सांगायचे, एवढं सरांनी आणि मी पालकसभेत मान्य करून घेतलं आहे.