हप्ता डिसेंबरात, पाय मार्चात

प्रश्न: मी २४ वर्षांची, १०० मीटर अडथळा शर्यतीची धावपटू. मूळची सांगली जिल्ह्यातली, सरावासाठी बालेवाडीजवळ पीजीत राहते. प्रायोजकाकडून महिना ३५ हजार मानधन मिळतं. १२ ऑक्टोबरला सरावात डाव्या मांडीमागचा स्नायू फाटला. एमआरआयमध्ये ‘२-सी’ आलं. फिजिओ म्हणतात, पूर्ण उंचीचे अडथळे जानेवारीअखेर, शर्यत मार्चमध्ये. गेल्या डिसेंबरात वडिलांच्या मित्राकडून, म्हणजे काकांकडून, एक पॉलिसी घेतली: वर्षाला २ लाख, १० वर्षं. टॅक्स कापला जातो, तो वाचावा म्हणून काकांनी पॉलिसी सुचवली. दुसरा हप्ता २० डिसेंबरला आहे. बँकेत १ लाख ४० हजार आहेत. आईचे दागिने ठेवून सोनेतारण कर्ज काढावं का? डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रोख बक्षिसांची स्पर्धा आहे, पहिलं बक्षीस ५० हजार. ती आणि जानेवारीतल्या दोन धरल्या तर कर्ज फिटेल. मी आता ८० टक्के वेगाने धावते, दुखत नाही. पैसे वाचवायला फिजिओ आठवड्यात तीनदाऐवजी एकदाच करते आहे. प्रायोजकाला अजून सांगितलेलं नाही, तोवर बरी होईनच. करार, पॉलिसीचे कागद, काकांचे मेसेज आणि कमाई-खर्चाची व खेळाची सगळी माहिती सोबत पाठवली आहे. काकांना काय सांगू?

उत्तर: दागिने कपाटातच राहू द्या. सोनेतारण कर्ज बँकेत साधारण १० टक्क्यांनी मिळेल, म्हणजे २ लाखांवर वर्षाला २० हजार व्याज. ज्या पॉलिसीसाठी ते काढायचं, ती देते साडेचार टक्के, म्हणजे त्याच २ लाखांवर ९ हजार. पुढे हिशेब करायची गरजच नाही. तुमच्या पत्रात सर्वांत महाग वाक्य वेगळंच आहे आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: ‘प्रायोजकाला अजून सांगितलेलं नाही.’

तुम्ही पाठवलेला करार उघडा. इजेच्या कलमात लिहिलं आहे की, इजा झाल्यापासून ४५ दिवसांच्या आत वैद्यकीय अहवालासह लेखी कळवलं, तर सहा महिने पूर्ण मानधन चालू राहील. कळवलं नाही आणि सहा महिन्यांत एकही अधिकृत शर्यत झाली नाही, तर प्रायोजक मानधन थांबवू शकतो. १२ ऑक्टोबरपासूनचे ४५ दिवस २६ नोव्हेंबरला संपतात. तुमचं पत्र एकतिसाव्या दिवशीचं आहे. (हे तुम्हाला आधीच स्वतंत्र कळवलं आहे. इथे लिहितो आहे ते तुमच्यासारखेच गप्प बसलेल्या बाकीच्यांसाठी.) सहा महिने गुणिले ३५ हजार म्हणजे २ लाख १० हजार. ज्या हप्त्यासाठी तुमची झोप उडाली आहे, त्यापेक्षा मोठी रक्कम एका ई-मेलवर अडकली आहे.

ई-मेल चार ओळींचा पुरे: इजेची तारीख, एमआरआय अहवाल, फिजिओचं पत्र आणि ‘कराराच्या इजेच्या कलमानुसार ही लेखी सूचना’ एवढं वाक्य. फोनवर सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं, हे चालणार नाही. पोच मागून घ्या. प्रायोजक नाराज होईल ही भीती समजते, पण अडथळ्यांवर धावणाऱ्यांना इजा होते हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून तर कलम आहे. बीडचा अडथळ्यांच्या लांब शर्यतीचा (स्टीपलचेस) धावपटू अविनाश साबळे २०२५ च्या जुलैत मोनॅकोत पाण्याच्या अडथळ्यावर पडला आणि गुडघा दुखावून बसला, ते साऱ्या जगाने पाहिलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. फरक एवढाच की तो सैन्यात आहे, त्याचा पगार चालू राहतो. तुमचा पगार म्हणजे हे कलम.

आता डिसेंबरची शर्यत. ती तुम्ही उत्पन्नात धरली आहे आणि तिथेच सगळा आराखडा मोडतो. तुमचा डावा पाय अडथळ्यावरून आधी जाणारा. अडथळ्यावर तो मांडीपासून वर उचललेला असताना गुडघ्यात सरळ होतो आणि लगेच जोराने खाली ओढला जातो. मांडीमागचा स्नायू दोन्ही टोकांनी ताणला गेलेला असतानाच त्याला ताकद लावायची असते. सपाट धावण्यात इतकी लांबी त्याला लागत नाही. म्हणून ‘मी आता ८० टक्के वेगाने धावते, दुखत नाही’ याला अडथळ्यांच्या हिशेबात फारसा अर्थ नाही. ‘२-सी’ मधला ‘सी’ म्हणजे इजा स्नायूच्या आतल्या कंडरेपर्यंत (टेंडनपर्यंत) पोचली आहे. अशा इजेला साध्या स्नायूच्या इजेपेक्षा जास्त वेळ लागतो आणि ती पुन्हा फाटण्याचा धोकाही जास्त.

त्यात १०० मीटरचं गणित निर्दय आहे. दोन अडथळ्यांमध्ये साडेआठ मीटर आणि तीन पावलं. पाय जपत धावलात की पाऊल आखडतं, उडी लांबून घ्यावी लागते आणि पुढचा पाय आणखी ताणून टाकावा लागतो, म्हणजे नेमका दुखरा स्नायू. पहिले तीन अडथळे निभतात, सहाव्या-सातव्यावर वेग वाढलेला आणि स्नायू थकलेला असतो, तिथे घात होतो. म्हणूनच परतीची वाट ठरलेली असते: आधी अडथळ्याविना पूर्ण वेग, आणि तोही दुसऱ्या दिवशी न दुखता. मग ७६.२ सेंटिमीटर उंचीचे दोन-तीन अडथळे, अंतर साडेसात-आठ मीटरवर आणलेलं. मग ८३.८ ची खरी उंची, पण अंतर अजून कमीच. मग पाच अडथळे, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट), ब्लॉकवरून सुरुवात, आणि शेवटी दहाच्या दहा. दुखलं तर एक पायरी मागे. डिसेंबरचा दुसरा आठवडा म्हणजे इजेनंतर नववा. तेव्हा तुम्ही फार तर पहिल्या दोन पायऱ्यांवर असाल. बक्षीस मात्र दहाव्या अडथळ्यापलीकडे आहे.

आणि समजा धावलात. ५० हजार पहिल्या क्रमांकाला. तंदुरुस्त असतानाही आठ जणींत पहिलं येणं हे उत्पन्न नसतं, ती शक्यता असते. उलट बाजू बघा: पुन्हा फाटलं तर तीन-चार महिने पुढे, म्हणजे मार्चऐवजी जून-जुलै. तोवर कलमातले सहा महिने एप्रिलच्या मध्याला संपलेले असतील.

तीच गोष्ट फिजिओची. आठवड्यात तीन बैठका, हजार रुपये एक, महिन्याला १२ हजार. एकावर आणून तुम्ही ८ हजार वाचवता. कशासाठी? साडेचार टक्क्यांच्या पॉलिसीसाठी. ती तिन्ही सत्रं परत चालू करा. घरी काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे (ब्रिज, रोमानियन डेडलिफ्ट, मग हळूहळू नॉर्डिक हा मांडीमागच्या स्नायूचा जड व्यायाम), पण भार कधी वाढवायचा आणि कधी थांबायचं हे ठरवायला बघणारा माणूस लागतो. दुखत नाही म्हणून नॉर्डिक दोन आठवडे आधी सुरू केलं, ही नेहमीची चूक. जेवणातही काटकसर नको. तुमच्या ५६ किलो वजनाला दिवसाला ९० ते ११० ग्रॅम प्रथिनं हवीत. सराव कमी आहे म्हणून जेवण निम्मं करणाऱ्या मुलींचे स्नायू भरायला उशीर लागतो. अंडी, दूध, पनीर, चिकन यांचे महिन्याचे ६ हजार हा उपचाराचाच खर्च समजा.

महिन्याचा खर्च मांडू. पीजी आणि मेस १३ हजार, फिजिओ १२, ट्रॅक आणि जिम ४, वरचं खाणं ६, येणं-जाणं अडीच, घरी ५. एकूण साडेबेचाळीस. मानधनातून १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) जाऊन हातात येतात साडेएकतीस. तूट महिन्याला ११ हजार, मार्चच्या मध्यापर्यंत चार महिन्यांची ४४ हजार. बँकेत १ लाख ४० हजार आहेत. ९६ हजार उरतात. म्हणजे हप्ता बाजूला काढला, तर कर्जाची गरज कुठेच नाही. आणि मानधन बंद पडलं, तर याच चार महिन्यांना १ लाख ७० हजार लागतील आणि खातं रिकामं होऊनही भागणार नाही. ई-मेलची किंमत पुन्हा सांगत नाही.

टीडीएसचं आणखी एक. तुम्ही लिहिता, ‘टॅक्स कापला जातो, तो वाचावा म्हणून काकांनी पॉलिसी सुचवली.’ टॅक्स तुम्हाला लागतच नाही. गेल्या आर्थिक वर्षात (२०२४-२५) मानधन ४ लाख २० हजार, बक्षिसं १ लाख ८० हजार, एकूण ६ लाख. नव्या कररचनेत त्या वर्षी ७ लाखांपर्यंत कर शून्य होता, २०२५-२६ पासून ती मर्यादा १२ लाख आहे. विम्याच्या हप्त्याची वजावट नव्या रचनेत मिळत नाही आणि तुम्हाला तिचा उपयोगही नाही. कापलेले ४२ हजार तुमचेच आहेत, फक्त रिटर्न भरून मागायचे आहेत. ते तुम्ही भरलेलं नाही. उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, विलंब शुल्क ५ हजार. हातात ३७ हजार. तारीख गेली की ते मिळवणं फार अवघड. न लागणारा कर वाचवण्यासाठी २ लाख भरायला लावणारा विक्रेता एकतर कर समजत नाही किंवा कमिशन नीट समजतो.

आता पॉलिसी. २० लाख भरा, पंधराव्या वर्षाच्या शेवटी ३२ लाख घ्या. ‘साठ टक्के फायदा’ असं काकांनी सांगितलं, त्यात वर्षं सांगायची राहिली. परतावा साडेचार टक्के. ‘इजा झाली तर हप्ता माफ’ हे त्यांच्या मेसेजमध्ये आहे, पॉलिसीत नाही. पॉलिसीत फक्त मृत्यूचं संरक्षण आहे. मांडीमागच्या फाटलेल्या स्नायूला ती एक रुपया देत नाही.

बाहेर पडायचं ते असं. नव्या नियमांनुसार एक वर्ष पूर्ण झालं आणि पहिला वार्षिक हप्ता पूर्ण भरलेला असला की सरेंडर मूल्य (पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम) मिळतं. तुमच्या तक्त्यात ते सुमारे १ लाख १० हजार दिसतं. म्हणून आज घाई नको. २० डिसेंबरनंतर, हप्त्याच्या ३० दिवसांच्या वाढीव मुदतीतच सरेंडरचा अर्ज द्या. ९० हजार गेले. दुखेल. पॉलिसी तशीच पेड-अप (पुढचे हप्ते न भरता) ठेवली, तर चौदा वर्षांनी सुमारे ३ लाख २० हजार मिळतील असं तक्ता सांगतो; तेही वाईट नाही, पण तुम्हाला पैसे या हिवाळ्यात हवेत. आणि सरेंडरचे १ लाख १० हजार व राहिलेले नऊ हप्ते सात टक्क्यांच्या साध्या बचतीत गेले, तर ९० हजारांचा तोटा पचवूनही शेवटी ३८-३९ लाख होतात. अर्थात दरवर्षी २ लाख तुम्हाला जमणार नाहीतच, आणि इतकी अनिश्चित कमाई असलेल्या मुलीला दहा वर्षांची सक्ती विकणं हाच मूळ गुन्हा आहे.

काकांच्या त्या मेसेजचा स्क्रीनशॉट जपा. सरेंडरच्या आधी कंपनीकडे चुकीच्या विक्रीची लेखी तक्रार करा आणि पूर्ण २ लाख मागा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही. जिंकालच असं नाही, पण लेखी मेसेज हा चांगला पुरावा आहे. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पैसे थांबू शकतात, तेव्हा मार्चपर्यंतच्या खर्चात हे धरू नका.

विमा हवा तो आरोग्याचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. अर्जात ही इजा आणि ‘व्यावसायिक धावपटू’ हा व्यवसाय स्वच्छ लिहा. काकांनी तुमच्या पॉलिसीच्या अर्जात ‘खासगी नोकरी’ लिहिलं आहे, तसलं पुन्हा नको. फिजिओचा बाह्यरुग्ण खर्च यात सहसा मिळत नाही. अपघात विमा घेताना व्यावसायिक खेळातली इजा वगळली आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. बहुतेक ठिकाणी वगळलेली असते, मग तो घेण्यात अर्थ नाही.

शेवटी, तुम्ही न विचारलेली आणखी एक तारीख. तुमचं आंतरविद्यापीठ कांस्य २०२३-२४ चं आहे. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात चालू आणि मागच्या दोन आर्थिक वर्षांतली कामगिरी धरतात. म्हणजे २०२५-२६ च्या जाहिरातींत ते पदक चालेल, १ एप्रिल २०२६ नंतरच्या वर्षात नाही. वयाची अट १८ ते २५, सवलत नाही. जी जाहिरात खुली असेल तिथे आत्ताच अर्ज करा. मैदानी चाचणी कधी लागेल हे तुमच्या हातात नाही. पण चाचणीत पाय फाटलेला असेल, तर कागदावरचं पदक काही करू शकत नाही. डिसेंबरच्या ५० हजारांपायी चौतीस-पस्तीस वर्षांची नोकरी पणाला लावू नका. राज्य सरकारी नोकऱ्यांतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी आधी करून ठेवावी लागते. विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे तो अर्ज याच महिन्यात टाका, तुमच्याकडे सध्या दुपारी वेळ आहे.

काकांना ‘पैसे नाहीत, हप्ता भरत नाही’ एवढंच सांगा. पॉलिसी ‘वाचवायला’ अर्धा हप्ता ते स्वतः भरतो म्हणाले, तरी नाही म्हणा. आणि हे बोलणं होण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन पॉलिसीचं ऑटो-डेबिट मँडेट रद्द करा, किमान आठवडाभर आधी. नाहीतर २० तारखेला बँक २ लाख काढायला जाईल, १ लाख ४० हजारच सापडतील आणि परत गेलेल्या हप्त्याचा दंड तुमच्याच खात्यातून कापला जाईल.